लाल चटईवरची घंटा

१

घंटा चोरीला गेली आहे हे अकरा वाजून सोळा मिनिटांनी जाहीर झालं आणि अकरा वाजून सतरा मिनिटांनी चोर सापडला. चोराचं वय बारा होतं, दोन वेण्या होत्या, आणि ती माझी मुलगी होती.

इतका झटपट तपास मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या विमा कंपनीत हरवलेली छत्री शोधायलासुद्धा आधी समिती नेमतात.

"मी कोणावर आरोप करत नाही," व्यवस्थापक म्हणाले. त्यांच्या कमरेला वॉकीटॉकी होता आणि बोलताना ते त्यावर हात ठेवत, जणू तोच त्यांना शब्द पुरवत होता. "मी फक्त वस्तुस्थिती मांडतो. आणि वस्तुस्थिती अशी आहे की हिनेच घेतली."

आम्ही उभे होतो एका जुन्या गोदामात. त्याची आता भूलभुलैया झाली होती. अकरा फूट उंच लाकडी भिंती, काळा रंग, अरुंद बोळ आणि पायाशी मिणमिणते दिवे. अगदी आत, गाभ्यात, लाल चटई अंथरलेली आणि तिच्यावर दोरीने टांगलेली पितळी घंटा, चांगली तांब्याएवढी. जो गाभ्यात पोचेल त्याने ती वाजवायची. बाहेर आवाज आला की दारावरचं घड्याळ थांबायचं. दर तीन महिन्यांनी भिंती हलवून नवी रचना करतात, आणि नव्या रचनेत जे मूल पहिली घंटा वाजवेल त्याचं नाव तीन महिने दारावरच्या पितळी पाटीवर झळकतं.

आज नव्या रचनेचा पहिला दिवस. दाराशी पहिला नंबर आमच्या भिंगरीचा. हे तिचं टोपणनाव. ती एका जागी उभी राहिलेली आमच्या पाहण्यात नाही. त्या पाटीसाठी तिने आम्हाला सुटीच्या दिवशी सहाला उठवलं होतं. आठ वाजल्यापासून आम्ही बंद दारासमोर उभे होतो आणि पाटी पुसणाऱ्या माणसाला ती सूचना देत होती.

अकराला ती आत घुसली. चौदा मिनिटांनी धापा टाकत परत दारात आली. चेहरा लालबुंद.

"मी पोचले! लाल चटई आहे, पण घंटाच नाहीये!"

व्यवस्थापकांनी सुताराला आत पाठवलं. तो दोन मिनिटांत परत आला आणि मान हलवली. चटई होती. घंटा नव्हती, दोरी नव्हती, काहीच नव्हतं.

"साडेदहाला तिकिटाच्या बाईंनी घंटा टांगली," व्यवस्थापक बोटांवर मोजत म्हणाले. "अकराला ही सगळ्यांच्या आधी आत गेली. आता घंटा नाही. म्हणजे एक तर ही गाभ्यापर्यंत गेलीच नाही, नुसती थाप मारते आहे. नाहीतर गेली आणि घंटा घेऊन आली. खोटारडी किंवा चोर. तुम्हीच निवडा."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझी मुलगी थापा मारते. तिच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे की तिचे बाबा पाणबुडीत कामाला आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर बसून पत्रांचे मसुदे लिहितो. त्यामुळे तिने पाहिलं तेव्हा मी लगेच "माझी मुलगी खोटं बोलत नाही" असं म्हणायला हवं होतं, आणि मी खोकलो.

फक्त दीड सेकंद. पण तिने ते पाहिलं.

"साडेबारापर्यंत घंटा मिळाली नाही," व्यवस्थापक म्हणाले, "तर मी पोलिसांना फोन करणार. आणि हिचं नाव कायमच्या प्रवेशबंदीच्या वहीत."

मागच्या बाकावरून आवाज आला, "जावईबापू, माझा चष्मा द्या बघू."

सासूबाई उठत होत्या.

२

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. कोट, ब्लाउज, शाळेचे गणवेश, एकदा तर एका सर्कशीतल्या माकडाचं जाकीट. गुडघे गेले, पण पिशवीत अजून मेझर टेप आणि खडू असतो. भूलभुलैयात येणार नाही म्हणाल्या होत्या. "पैसे देऊन हरवायचं? मला फुकटात जमतं," असं त्यांचं म्हणणं. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, सोबत माझी बायको.

"आई, तू यात पडू नकोस," बायको म्हणाली.

"माझी नात पडली आहे ना? मग मी काठावर बसून काय करू?"

त्यांनी आधी भिंगरीची पाठपिशवी स्वतः उघडून बाकावर पालथी केली. एक सफरचंद, शिट्टी, होकायंत्र, टॉर्च, पंधरा फूट सुतळी आणि "हरवल्यास काय करावे" या मथळ्याचा कागद, खाली एकच ओळ: "हरवू नये." घंटा नव्हती.

"मग आतच लपवली असेल," व्यवस्थापक म्हणाले.

"असेल हं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. गिऱ्हाईक स्वतःच्या कमरेचं माप सांगतं तेव्हा त्या याच आवाजात "असेल हं" म्हणतात आणि टेप काढतात. "आत आणखी कोण कोण होतं?"

आत आम्ही होतो. भिंगरीनंतर तीन मिनिटांनी मी आणि मेहुणा, म्हणजे तिचा मामा. पुढच्या कुटुंबाला अजून सोडलं नव्हतं. मामा चाळीस वर्षांचा आहे आणि आपण कधीच रस्ता चुकत नाही हे गेली पंचवीस वर्षं सांगतो. आत शिरताना म्हणाला, "भाऊजी, माझ्या मागे या. सहा मिनिटांत गाभा." सहाव्या मिनिटाला आम्ही तिसऱ्यांदा त्याच भिंतीसमोर उभे होतो. मामा मोबाइल माझ्यापासून लपवून बघत होता, पुन्हा वळत होता, पुन्हा भिंत. शेवटी चिडून त्याने त्या भिंतीवर दोन्ही हातांनी धपाटा घातला.

तेव्हा कुठेतरी अगदी बारीक 'टिण्' झालं होतं. मला वाटलं, मामाला मेसेज आला. मग दाराकडून भिंगरीचं ओरडणं ऐकू आलं आणि त्या आवाजाच्या मागावर आम्ही कसेबसे बाहेर पडलो.

हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. मामाला मेसेज येणं ही काही बातमी नव्हे.

"मला घंटा टांगणाऱ्या बाईंशी बोलायचंय," सासूबाई म्हणाल्या. "एकटीशी. म्हणजे जावईबापू असले तरी चालेल."

३

घंटा टांगायचं काम तिकीटखिडकीवरच्या बाईंचं होतं. त्या स्टुलावर बसून पदराने डोळे टिपत होत्या.

"सात वर्षं टांगतेय ताई. संध्याकाळी काढून कपाटात, सकाळी परत वर. आज म्हणे मीच विकली!"

"कोण म्हणतं?"

"साहेब. तुमच्या नातीने घेतली नसेल तर बाईंनी विकली म्हणाले."

"टांगता कशी ते सांगा. मला शिकायचंय असं समजा."

शिकवायला मिळालं की माणसाचं रडू थांबतं. बाई सावरून बसल्या. गोदामाच्या छताखालून एक अरुंद लाकडी पूल जातो. शिडीने त्यावर चढायचं. छताला तुळया आहेत, प्रत्येक तुळईला हूक. गाभा कोणत्या तुळईखाली, कोणत्या हुकाखाली येतो ते नकाशावरून आधीच वहीत टिपून ठेवायचं. मग त्या हुकाला दोरी बांधून घंटा खाली सोडायची.

"खाली दिसतं का?"

"छे! वरून सगळं काळंकुट्ट. मोठे दिवे लावले तर बोळातला अंधार जातो, म्हणून साहेब लावू देत नाहीत. मी मोजून जाते. या खेपेला खिडकीच्या भिंतीकडून चौथी तुळई, दुसरा हूक." बाईंनी वही दाखवली. "दहा दिवसांपूर्वी साहेबांच्या टेबलावर नकाशा आला तेव्हाच टिपलं."

"मग शिडीने वर जाऊन हुकाला दोरी आहे की नाही, ते का नाही बघत?"

"शिडीला साहेबांनी कुलूप लावलंय. म्हणाले, तो पुरावा आहे. तपास पूर्ण होईपर्यंत पुराव्यावर कोणी चढायचं नाही."

मी मान खाली घातली. आमच्या कंपनीत हा माणूस विभागप्रमुख झाला असता.

सुतार मागच्या खोलीत फळ्यांना रंधा मारत होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बोलणं मोजकं, खिळ्यासारखं.

"मिस्त्री, भिंती तुम्हीच उभ्या करता?"

"मीच."

"घंटा वर टांगलेली दिसते का तुम्हाला?"

"मी संपवतो तेव्हा घंटा कपाटात. मी लाल चटई टाकतो, निघतो."

"नकाशा बघू?"

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. काचेवर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून बटर पेपर डकवला होता. मागून उजेड येत होता, रेघा लख्ख दिसत होत्या. चौकोन, बोळ, दोन-तीन बिनदाराचे बंद खण आणि एक लाल ठिपका. एकही अक्षर नाही.

"काचेवर कशाला?"

"उजेड मागून आला की रेघ चुकत नाही. बापापासून अशीच सवय."

"आणि हे बंद खण?"

"फसवायला. प्रत्येक रचनेत असतात. लोक बाहेरून चकरा मारतात."

"नकाशावर काही लिहिलेलं का नाही?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच रंधा खाली ठेवला. "आधी असायचं. कोपऱ्यात तारीख, सही, 'दार' वगैरे. मागच्या खेपेला कोणीतरी फोटो काढून वाट फोडली. साहेबांनी परिपत्रक काढलं. सुरक्षेसाठी नकाशावर एकही अक्षर नको. म्हणजे चोराला कळणार नाही."

सासूबाईंनी खिडकीपाशी जाऊन कागदावरून हळूच बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं. मग त्या एकदम थांबल्या. तेच बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोन डाव्या बाह्या."

मी विचारलं, "काय आई?"

"काही नाही. माझ्या दिवट्याला बोलवा. आणि त्याच्या हातातला मोबाइल त्याच्या हातातच असू दे."

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

मामा आला तो हसत. मामाचं हसू जेवढं रुंद, तेवढं प्रकरण गंभीर, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मागच्या आठवड्यात तिकिटं काढायला कोण आलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. म्हणजे, कोणीतरी यायलाच हवं होतं."

"तिकिटं तर घरबसल्या मिळतात. तू का आलास?"

"आई, तू काय..."

"चाळीस वर्षांचा झालास. तुझ्या चड्ड्या मी शिवल्या आहेत. खिशात काय आहे ते मला बाहेरून कळतं."

मामा कोसळला. व्यवस्थापकांकडे त्याने तक्रारवही मागितली होती. ती शोधायला साहेबांना सात मिनिटं लागली. तेवढ्यात टेबलावर पसरलेल्या नव्या नकाशाचा मामाने फोटो काढला.

"फक्त भाचीसमोर जरा... म्हणजे मामा म्हणून माझी काही..."

"म्हणजे तुम्हीच चोर!" मागून व्यवस्थापक गरजले. ते दारातून ऐकत होते. "नकाशाही तुम्ही चोरला, घंटाही तुम्हीच!"

"अहो साहेब," मी म्हणालो, "नकाशा हातात असून हा माणूस दहा मिनिटं एका भिंतीशी कुस्ती करत होता. याला घंटा कुठून सापडणार?"

मामाचा असा बचाव मी पहिल्यांदाच केला. त्याला तो आवडला नाही.

"तेच म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. गुडघ्यांचं दुखणं त्या साफ विसरल्या होत्या. "नकाशा खरा, मग माणूस हरवला कसा? भिंगरे, इकडे ये. तू गाभ्यात गेलीस ती वळणं सांग."

भिंगरी आत आल्यापासून गप्प होती. तिची गप्प राहण्याची याआधीची नोंद कोणाकडे नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"सांगून काय उपयोग? कोणाला खरं वाटणार?"

"मला सांग ना. मी काय कोणी परकी आहे?"

तिने डोळे मिटले. "मी डावा हात भिंतीवरून काढला नाही. एकदम आतल्या बोळात शिरले तिथून सांगते. डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग दोनदा उजवीकडे. शेवटी डावीकडे, आणि लाल चटई."

"बाळ्या, आता तू फोटोतून वाच. त्याच बोळापासून."

मामाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "उजवीकडे... उजवीकडे... डावीकडे... उजवीकडे. दोनदा डावीकडे. उजवीकडे, मग लाल ठिपका."

"बघा!" व्यवस्थापक टाळी वाजवून म्हणाले. "एकही वळण जुळत नाही! सात पैकी सात चूक! पोरगी तिथे गेलेलीच नाही!"

भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि सासूबाई हसल्या.

५

"साहेब, थाप मारणाऱ्या माणसाचं एखादं तरी वळण चुकून बरोबर येतं," त्या म्हणाल्या. "सात पैकी सात उलटी सांगायची तर माणसाला खरं बोलावं लागतं."

त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि मिस्त्रींच्या फळीवर एक बाही काढली.

"मी शिवण शिकत होते तेव्हाची गोष्ट. कागदाचं कटिंग कापडावर ठेवायचं, बेतायचं, कापायचं. एक बाही कापली की कागद पालथा करून दुसरी. मी पालथा करायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या. कापड तेच, माप तेच, टाके बिनचूक, पण उजवा हात काही घालता येईना. हा बटर पेपर तसाच आहे. दोन्ही बाजूंनी रेघा सारख्याच दिसतात. अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं, मिस्त्रींना लगेच कळलं असतं. ते तर सुरक्षेसाठी काढून टाकलं."

मिस्त्री सावकाश खिडकीकडे वळले.

"पेनाने दाबून रेघ काढली की कागदाच्या पाठीवर उंचवटा येतो," सासूबाई म्हणाल्या. "तो बोटाला इकडून लागतोय, खोलीच्या बाजूने. मिस्त्री, तुमच्याकडे कागदाची पाठ आहे. तोंड काचेकडे."

मिस्त्रींनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"दार भिंतीच्या बरोबर मध्यावर," ते पुटपुटले. "म्हणून कुठे अडलं नाही. पालथं केलं तरी फिट बसलं." मग टोपी काढून म्हणाले, "आख्खी भूलभुलैया मी उलटी बांधली, ताई."

"बिनचूक उलटी," सासूबाई म्हणाल्या. "एका इंचाचा फरक नसणार."

"मग घंटा?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांचा हात वॉकीटॉकीवरून घसरला होता.

"बाईंनी सुलट्या नकाशावरून जागा टिपली आणि बरोबर तिथेच टांगली. चटई आणि गाभा गेले पलीकडच्या बाजूला. घंटेखाली आता काय आलंय, मिस्त्री?"

मिस्त्रींनी काचेवरचा कागद उपटला, सुलटा केला, लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, कागद पुन्हा पालथा करून तीच जागा शोधली.

"बंद खण. बिनदाराचा."

"हे सगळं ठीक," व्यवस्थापक म्हणाले, "पण हा अंदाज झाला. पुरावा काय?"

तेव्हा मला ते आठवलं. सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे आपण आधी का बोललो नाही हेही सांगावं लागणार होतं. मी भिंगरीकडे पाहिलं आणि बोललो.

"मामाने भिंतीवर धपाटा घातला तेव्हा 'टिण्' झालं होतं. मी ऐकलं. मला वाटलं मोबाइल."

"बाबा!" भिंगरी ओरडली.

"माझा मोबाइल तर सायलेंटवर होता," मामा म्हणाला. "चोरून बघत होतो ना."

बारा वाजून सतरा मिनिटं. सासूबाईंनी मेझर टेपला भिंगरीची सुतळी बांधली आणि सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलं. "चला. कोणी हात सोडायचा नाही."

पुढे भिंगरी, डावा हात भिंतीवर. मागे सासूबाई. सुतळी आणि टेप धरून मिस्त्री, बाई, बायको, मी, मामा. सगळ्यात शेवटी, टेपचं पितळी टोक दोन्ही हातांनी घट्ट पकडून, व्यवस्थापक. सात वर्षांत ते पहिल्यांदाच आत शिरत होते. अंधारात त्यांचा बारीक आवाज आला, "सगळे आहेत ना? कोणीतरी बोलत राहा."

"हीच ती भिंत," मामा म्हणाला. आपल्या शत्रूला तो अंधारातही ओळखत होता.

"घाल धपाटा."

मामाने घातला.

टिण्.

बाईंनी किंचाळून मिस्त्रींना मिठी मारली आणि लगेच सोडली. मिस्त्री स्क्रू काढायला लागले. एक, दोन, पाच, आठ. फळी कलली, आणि भिंगरीच्या टॉर्चच्या झोतात, काळ्या खणात, त्या भिंतीला जवळजवळ लागून, दोरीला लटकलेली पितळी घंटा हळूच झुलत होती, जणू सकाळपासून कोणाची तरी वाट बघत.

"वाजव!" सगळे एकदम ओरडलो.

"थांबा!" व्यवस्थापकांनी खिशातून नियमावली काढली. आता त्यांना जरा धीर आला होता. "नियम चार. वेळ दारातून शिरल्यापासून घंटा वाजेपर्यंत मोजली जाईल. घड्याळ अजून कोणी थांबवलेलं नाही. मला सूट देता येणार नाही."

"देऊ नका," भिंगरी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली.

तो आवाज मी विसरणार नाही. गोदामभर घुमला. बाहेरच्या रांगेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

आता दारावरच्या पितळी पाटीवर माझ्या मुलीचं नाव आहे, आणि नावापुढे वेळ: एक तास एकवीस मिनिटं. इतका रेंगाळलेला पहिला नंबर तिथे याआधी कोणाचाच नाही. शेजारी व्यवस्थापकांचं नवं परिपत्रक चिकटवलं आहे: नकाशावर किमान एक अक्षर असावं. बाईंना शिडीची किल्ली परत मिळाली. भिंती मिस्त्रींनी तशाच ठेवल्या. आपली उलटी बांधणी ते हल्ली स्वतःहून लोकांना दाखवतात. मामा आमच्यासोबत आता फक्त सरळ रस्त्यावर येतो.

त्या दिवशी पाटीसमोर फोटो काढून झाल्यावर भिंगरीने माझा हात धरला.

"बाबा, तुझा माझ्यावर विश्वास होता ना? पहिल्यापासून?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. "अगदी पहिल्यापासून."

तिने मान वाकडी करून माझ्याकडे बारीक नजरेने बघितलं. या विषयातला तिचा अभ्यास दांडगा आहे.

"थाप," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.